गोवा–मुंबई विमानसेवा: ४८ मिनिटांचे उड्डाण, साडेपाच तासांचा प्रवास

गेली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी मी आईला घेऊन फोंड्याहून मुंबईला जाते. परळच्या टाटा रुग्णालयात तिची नियमित तपासणी असते. आतापर्यंत आठ फेऱ्या झाल्या, म्हणजे येऊन-जाऊन सोळा प्रवास. त्यांतले दहा दाबोळी विमानतळावरून झाले, चार मोपावरून आणि दोन वंदे भारत गाडीने. आईच्या तपासण्यांचे कागद ज्या निळ्या फाईलमध्ये असतात, तिच्या शेवटच्या पानावर मी पहिल्या फेरीपासून वेळा लिहीत आले आहे: घराचे कुलूप लावले तेव्हा किती वाजले, विमान जागेवरून केव्हा हलले, चाके जमिनीवरून केव्हा सुटली, मुंबईत केव्हा टेकली आणि परळच्या मुक्कामी आम्ही केव्हा पोचलो. या सेवेबद्दलचे माझे मत त्या पानावरून बनलेले आहे. हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, गोव्यातून मुंबईला उपचारासाठी, कामासाठी किंवा नात्यातल्या कार्यासाठी जाणारी असंख्य माणसे दोन शहरांमधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ इंटरनेटवर पाहून आपला दिवस आखतात आणि तो आखलेला दिवस हमखास कोलमडतो.

प्रथम अंतराविषयी. शोधपेटीत ‘गोवा ते मुंबई अंतर’ असे लिहिले की एक संकेतस्थळ ४१० किलोमीटर सांगते, दुसरे ४२५ सांगते, आणि रस्त्याचा नकाशा ५५० च्या पुढचा आकडा दाखवतो. यांपैकी कोणताही आकडा चुकीचा नाही, मात्र प्रत्येकाने मोजलेली गोष्ट वेगळी आहे. हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची रेषा. ती रेषा पणजीपासून काढली की एक आकडा येतो, विमानतळाच्या धावपट्टीपासून काढली की दुसरा येतो. दाबोळी ते मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापर्यंत ही रेषा सुमारे ४२५ किलोमीटर, म्हणजे साधारण २३० सागरी मैल भरते. मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात असल्यामुळे तिथून हेच अंतर ३९० किलोमीटरच्या आत येते. म्हणजे ज्याला आपण एका शब्दात ‘गोवा’ म्हणतो, त्या छोट्याशा राज्यातल्या दोन विमानतळांमुळे मुंबईचे हवाई अंतर सुमारे ३७ किलोमीटरांनी कमी-जास्त होते. हा फरक आकाशात अगदी किरकोळ आहे आणि जमिनीवर फार मोठा आहे, हे मला अनुभवाने कळले.

वेळेच्या बाबतीत ही संकेतस्थळे एक सोपे गणित करतात. ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेग धरून अंतराला भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा. या हिशेबाने दाबोळी ते मुंबईचे उत्तर एक तास दोन मिनिटे येते. तिकिटावर मात्र एक तास दहा मिनिटांपासून एक तास पंचवीस मिनिटांपर्यंतचे आकडे दिसतात आणि प्रत्यक्ष हवेत विमान असते त्याहून कितीतरी कमी वेळ. माझ्या पानावरच्या दाबोळीच्या नोंदी पाहिल्या तर चाके सुटल्यापासून टेकेपर्यंत बहुतेक वेळा ४८ ते ५२ मिनिटे लागली आहेत. मोपाहून हाच वेळ ४५ मिनिटांच्या आसपास राहिला. तिकिटावर छापलेली वेळ ही उड्डाणाची वेळ नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी थांबेपर्यंतचा तो काळ असतो, त्याला विमान कंपन्या ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, तिथे रांगेत थांबणे, उतरल्यावर पुन्हा टर्मिनलपर्यंत येणे आणि वाटेत होणाऱ्या खोळंब्यासाठी आधीच राखून ठेवलेली काही मिनिटे, हे सारे त्यात धरलेले असते.

इतक्या जवळच्या मार्गावर विमानाला वेग घ्यायला वावच मिळत नाही. लांबच्या प्रवासात ताशी सव्वाआठशे किलोमीटरने जाणारे तेच एअरबस किंवा बोइंग विमान इथे चढणे संपेपर्यंत रत्नागिरीच्या आसपास आलेले असते, आणि थोड्याच वेळात उतरण्याची सूचना होते. दहा हजार फुटांच्या खाली विमानांना साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा पाळावी लागते. ४२५ किलोमीटरला ४८ मिनिटे हा हिशेब केला, तर सरासरी वेग ताशी ५३० किलोमीटर पडतो. म्हणूनच अंतराला ठराविक वेगाने भागण्याची रीत दिल्ली किंवा कोलकात्याच्या प्रवासाला पुष्कळशी जुळते, गोवा–मुंबईला जुळत नाही. आईसारख्या ज्येष्ठ प्रवाशाच्या दृष्टीने याचा एक साधा अर्थ आहे. पट्टा सोडून प्रसाधनगृहात जाऊन येण्यासाठी मध्ये जेमतेम पंधरा-वीस मिनिटे मिळतात, तेव्हा ते विमानतळावरच उरकून घ्यावे.

मुंबईच्या बाजूने होणारा उशीर हा या सेवेतला सर्वांत मोठा बेभरवशाचा भाग आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाचा सारा भार व्यवहारात एका धावपट्टीवर पडतो. तिसऱ्या फेरीत आमचे विमान वेळेवर सुटले, पण मुंबईजवळ पोचल्यावर आकाशात गोल फेऱ्या घालत राहिले. खिडकीतून तीच खाडी दोनदा दिसल्यावर आईने विचारले, “परत फिरलो की काय गं?” त्या दिवशी आम्ही एक तास सोळा मिनिटे हवेत होतो. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा संपल्यावर एकेक दिवस, साधारण सकाळी ११ ते संध्याकाळी ५ या वेळेत, मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या देखभालीसाठी बंद ठेवतात. ती तारीख आधी जाहीर होते. रुग्णालयाची तारीख घेताना आम्ही आता ती पाहून घेतो.

दाबोळी विमानतळाशी माझ्या पिढीचा जिव्हाळा आहे, हे मान्य करूनही त्याच्या मर्यादा सांगायला हव्यात. पोर्तुगीज राजवटीत १९५५ च्या सुमारास सुरू झालेला हा तळ १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय नौदलाकडे आला, आणि आजही तो मुळात नौदलाचा ‘हंसा’ तळ आहे. आठवड्याचे पाच दिवस सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असतात, म्हणून नागरी विमानांची गर्दी दुपारनंतर होते. ज्याला मुंबईत सकाळी अकराची वेळ मिळाली आहे, त्याने एक तर आदल्या दिवशी जावे किंवा अगदी भल्या पहाटेचे विमान धरावे. आम्ही आदल्या दिवशी जातो. फोंड्याहून बोरी, वेर्णा, दाबोळी हा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता आम्हांला सव्वा तासात नेतो, कधी त्याहून थोडा आधी. टर्मिनल फार मोठे नाही आणि ज्यांना चालणे जड जाते त्यांच्यासाठी हीच सोय आहे. चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी नोंदवली, तर आईला दारातून थेट विमानाच्या आसनापर्यंत नेतात आणि यासाठी वेगळे पैसे घेत नाहीत. दहा प्रवासांत या बाबतीत एकदाही तक्रार करावी लागली नाही. खुर्ची ढकलणारी मुले आईशी कोकणीतून बोलतात, तिची पिशवी मांडीवर नीट ठेवून देतात, सुरक्षा तपासणीत तिच्या गुडघ्यातल्या धातूच्या सांध्याविषयी आपणहून सांगतात. या मुलांना शंभरपैकी शंभर गुण द्यायला माझी काहीच हरकत नाही.

दाबोळीहून मुंबईला जाताना शक्य असेल तर उजव्या हाताची खिडकी घ्यावी. विमान समुद्राच्या दिशेने उडून उत्तरेला वळले, की मुरगावचे बंदर, मांडवीचे मुख आणि आग्वादचा किल्ला एकामागून एक नजरेखाली येतात. आई लहानपणी मुंबईहून बोटीने पणजीला येत असे. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी याच मुखातून आत शिरायची. खिडकीतून आग्वाद दिसला की ती न चुकता त्याच्याकडे बोट दाखवते.

मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमाने सुटू लागली. इमारत प्रशस्त आहे, प्रसाधनगृहे स्वच्छ आहेत, बसायला पुरेशी जागा आहे, आणि नौदलाच्या वेळांचे बंधन नसल्यामुळे सकाळचीही विमाने मिळतात. पेडणे, बार्देश, डिचोली या तालुक्यांतल्या लोकांना, तसेच बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग भागातल्या प्रवाशांना तो निःसंशय सोयीचा आहे. धारगळहून थेट विमानतळापर्यंत जाणारा नवा जोडरस्ताही उत्तम झाला आहे. फोंड्याच्या माणसाचे गणित मात्र वेगळे आहे. आमच्या घरापासून मोपा ६० किलोमीटरहून अधिक लांब पडतो, आणि पर्वरीत उड्डाणपुलाचे काम चालू असताना तेवढ्या अंतराला आम्हांला एक तास चाळीस मिनिटे ते दोन तास लागले. हवेतली तीन-चार मिनिटे वाचवण्यासाठी रस्त्यावर अर्धा-पाऊण तास जास्त द्यावा लागतो. दक्षिण गोव्यातल्या सासष्टी किंवा काणकोणच्या प्रवाशाचे नुकसान याहूनही मोठे आहे. कदंब महामंडळाच्या बसगाड्या मोपाहून पणजी, म्हापसा आणि मडगावला जातात. एकट्याने आणि हलक्या सामानाने जाणाऱ्याने त्यांचाच विचार करावा, कारण दक्षिणेकडे जाणाऱ्या टॅक्सीचे भाडे माझ्या चारपैकी दोन प्रवासांत विमानाच्या तिकिटाच्या निम्म्याहून अधिक झाले.

या दोन विमानतळांच्या घोळात आम्ही एकदा पुरते सापडलो. पाचव्या फेरीचे तिकीट माझ्या धाकट्या भावाने पुण्याहून काढले होते. ज्या संकेतस्थळावरून त्याने ते काढले, तिथे ‘गोवा’ असे लिहिल्यावर दोन्ही विमानतळांची विमाने एकाच यादीत, भाड्याच्या चढत्या क्रमाने येत होती. विमानतळाचे नाव होते, पण फिकट करड्या अक्षरांत, वेळेच्या खाली. आम्ही नेहमीप्रमाणे दाबोळीला पोचलो. प्रवेशद्वारावरच्या जवानाने तिकीट पाहिले, पुन्हा पाहिले, आणि शांतपणे म्हणाला, “माताजी, ये फ्लाइट तो मोपा से है।” तेव्हा दुपारचे १ वाजून १० मिनिटे झाली होती आणि विमान ४ वाजता सुटणार होते. देशांतर्गत प्रवासासाठी सामान घेण्याची खिडकी साधारणपणे सुटण्याच्या एक तास आधी बंद होते, म्हणजे हातात एक तास पन्नास मिनिटे आणि समोर ६५ किलोमीटरचा रस्ता. मी भावाला फोन लावला, तर त्याला तोवर काहीच कल्पना नव्हती. “ताई, तिकीट गोवा ते मुंबई असंच होतं गं,” एवढेच तो म्हणत राहिला, आणि त्यात त्याचे काही खोटेही नव्हते.

रांगेतल्या पहिल्या टॅक्सीचालकाने आईकडे आणि खुर्चीकडे पाहिले, भाव सांगण्याआधी दार उघडले आणि म्हणाला, “मावशी, बसा. बोलणं वाटेत करू.” चिखलीहून कुठ्ठाळी, तिथून झुआरीचा नवा पूल, आगशी, बांबोळी, मांडवीवरचा अटल सेतू इथपर्यंत गाडी सरळ धावली. पर्वरीत सव्वीस मिनिटे गेली. आईने त्या सव्वीस मिनिटांत फाईल छातीशी धरून एक शब्दही काढला नाही. म्हापसा आणि कोलवाळ ओलांडून धारगळच्या जोडरस्त्याला लागलो, तेव्हा २ वाजून ३८ मिनिटे झाली होती. खिडकी बंद होण्यापूर्वी बारा मिनिटे आम्ही पोचलो. झुआरीचा जुना पूलच असता, तर ते विमान नक्कीच चुकले असते आणि तीन महिन्यांपूर्वी मिळालेली तपासणीची वेळही हातची गेली असती. दाबोळीचे संक्षिप्त चिन्ह जीओआय आहे आणि मोपाचे जीओएक्स. तिकीट हाती आल्यावर तारखेच्याही आधी ही तीन अक्षरे वाचावीत, अशी माझी प्रत्येक गोवेकराला कळकळीची विनंती आहे. जाण्याचे तिकीट एका विमानतळाचे आणि येण्याचे दुसऱ्याचे नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे, कारण गाडी दाबोळीच्या वाहनतळात आणि आपण मोपावर, असा प्रकार आमच्या ओळखीतल्या दोन कुटुंबांच्या बाबतीत घडला आहे.

मुंबईत उतरल्यावरचा प्रवास अलीकडे खूप सुधारला आहे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. साडेतेहतीस किलोमीटरच्या या मार्गावर दोन्ही टर्मिनलांसाठी स्वतंत्र स्थानके आहेत. पूर्वी सहारहून परळला टॅक्सीने संध्याकाळी दीड तास सहज जायचा. गेल्या खेपेस आम्ही मेट्रोने दादरला उतरून पुढे टॅक्सी केली, तर चाळीस मिनिटांत मुक्कामी पोचलो. सगळीकडे उद्वाहक असल्यामुळे आईला एकही जिना चढावा लागला नाही. फक्त गर्दीच्या वेळी डब्यात शिरताना हात घट्ट धरावा लागतो.

आता एका सरळसाध्या दिवसाचा पूर्ण हिशेब मांडते. दुपारी ३ चे दाबोळीचे विमान. घराचे कुलूप १२ वाजून १० मिनिटांनी लावले, विमानतळावर १ वाजून १५ मिनिटांनी पोचलो. विमान वेळेवर हलले, ३ वाजून १४ मिनिटांनी चाके सुटली, ४ वाजून २ मिनिटांनी मुंबईत टेकली, ४ वाजून १३ मिनिटांनी ते जागेवर थांबले. पट्ट्यावरून बॅग मिळून बाहेर येईपर्यंत ४ वाजून ४० मिनिटे झाली आणि टॅक्सीने परळला पोचायला आणखी एक तास लागला. एकूण साडेपाच तास, त्यांतली हवेतली ४८ मिनिटे, म्हणजे जेमतेम सातवा हिस्सा. संकेतस्थळांवरचे सारे आकडे या सातव्या हिश्शाविषयी बोलत असतात.

वंदे भारतशी तुलना करणे भाग आहे, कारण २७ जून २०२३ रोजी ती सुरू झाल्यापासून आमच्यापुढे खरा पर्याय उभा राहिला. पावसाळा सोडून इतर दिवसांत ती मडगावहून दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी सुटते आणि रात्री १० वाजून २५ मिनिटांनी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. पावणेआठ तासांचा हा प्रवास एका जागी बसून होतो, सुरक्षेच्या रांगा नाहीत, वाटेत दादरलाही उतरता येते, आणि परळला जाणाऱ्याला ते अतिशय सोयीचे आहे. फोंड्याहून मडगाव जवळ असल्यामुळे घर ते घर हिशेब नऊ तासांच्या आसपास बसतो. म्हणजे विमानापेक्षा साडेतीन तास जास्त. प्रकृती ठीक असलेल्या माणसाला मी गाडीच सुचवेन. आईला सलग आठ तास बसून पाय सुजतात, म्हणून आम्ही विमान धरतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेवर वेगाची मर्यादा येते, तीच गाडी दहा तासांच्या आसपास घेते आणि आठवड्यातले मोजकेच दिवस धावते, तेव्हा त्या चार महिन्यांत तुलनेचा प्रश्नच उरत नाही.

उशिराच्या बाबतीत प्रवाशांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमचे विमान दोन तास किंवा त्याहून अधिक उशिरा सुटणार असेल, तर खाण्यापिण्याची सोय करणे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार कंपनीवर बंधनकारक आहे. सहा तासांहून अधिक उशीर असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा यांपैकी एक मागता येतो. पुरेशी पूर्वसूचना न देता विमान रद्द केले, आणि त्याला हवामानासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण नसेल, तर भरपाईचा टप्पाही ब्लॉक टाइमवरूनच ठरतो: एका तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० रुपये, अथवा एका बाजूचे मूळ भाडे आणि इंधन अधिभार, यांत जे कमी असेल ते. गोवा–मुंबईचा ब्लॉक टाइम एका तासाच्या वर असल्यामुळे हा मार्ग दुसऱ्या टप्प्यात मोडतो. सातव्या फेरीत आमचे विमान दोन तास चाळीस मिनिटे उशिरा सुटले. कोणीही आपणहून काही दिले नाही. मी खिडकीवर जाऊन नियमाचा उल्लेख केला, तेव्हा पाच मिनिटांत दोन सँडविच आणि पाण्याच्या बाटल्या हातात आल्या. मागच्या रांगेतल्या आजोबांना ते ठाऊक नव्हते, त्यांनाही आम्ही खिडकीपाशी नेले.

पैसे, वेळ आणि वागणूक यांचा एकत्र विचार केला तर मध्य आणि दक्षिण गोव्यातल्या वयस्क प्रवाशासाठी दाबोळी–मुंबई ही सेवा मला आजही सर्वांत चांगली वाटते, आणि ती कमी होत जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. चतुर्थी, नाताळ आणि मे महिना या दिवसांत भाडी कडाडतात, तेव्हा महिना-दीड महिना आधी तिकीट काढावे. तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांकडून एवढीच अपेक्षा आहे की, ‘गोवा’ या एका शब्दाखाली दोन विमानतळ झाकू नयेत आणि दाबोळी किंवा मोपा हे नाव वेळेइतक्याच ठळक अक्षरांत छापावे. आमच्या पुढच्या तपासणीचे तिकीट भावाने परवाच पाठवले. छापील प्रतीवर त्याने जीओआय या अक्षरांभोवती लाल पेनाने गोल केला आहे, आणि आईने ती प्रत फाईलमध्ये सर्वांत वर लावली आहे.